रेणूंची साखळी

रबराची एक चिंचोळी पट्टी दोन्ही हातांच्या बोटांत धरून ताणली, तर ती आपल्या मूळ लांबीच्या चारपाच पट लांबते आणि सोडताच पूर्ववत होते. मेणाची कांडी अशी ताणू गेल्यास तुटते, आणि तुटली की तुटलीच. रॉकेल तर बोटांत धरताही येत नाही. वस्तुतः या तिन्ही पदार्थांचे घटक मुख्यतः दोनच आहेत : कार्बन आणि हायड्रोजन. घटक तेच असता एक पदार्थ वाहता, दुसरा ठिसूळ आणि तिसरा असा लवचिक का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर घटकांत नसून ते घटक एकमेकांशी कसे जोडलेले आहेत यात आहे. परंतु हे उत्तर विद्वानांच्या गळी उतरण्यास दहाबारा वर्षांचा वाद व्हावा लागला, आणि त्या वादाचा भार बव्हंशी एकाच मनुष्याने वाहिला.

रेणू म्हणजे अत्यंत लहान वस्तू, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पाण्याचा रेणू तीन अणूंचा, तर आपल्या चहातील साखरेचा रेणू 45 अणूंचा. हायड्रोजनच्या अणूचे वजन 1 मानले, तर पाण्याच्या रेणूचे वजन 18 आणि साखरेच्या रेणूचे 342 भरते. या वजनाला रेणुभार असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनी असे सहस्रावधी पदार्थ शुद्ध करून तपासले. पदार्थ स्फटिकरूपाने वेगळा करावा, त्याचा द्रवणांक पाहावा आणि रेणुभार काढावा, अशी त्यांची शिस्त होती. या शिस्तीत न बसणाऱ्या पदार्थांकडे ते काहीशा तिटकाऱ्यानेच पाहत. रबर, डिंक, सरस, कापसाचा तंतू हे पदार्थ स्फटिक होत नाहीत, उकळून त्यांची वाफ करता येत नाही आणि भांड्याच्या तळाशी उरतो तो नुसता चिकट राप. असला राप फेकून देऊन भांडे घासण्यास घेणे, हाच प्रयोगशाळांचा रिवाज होता.

रबराविषयी मात्र एक गोष्ट कळून चुकली होती. मायकेल फॅरडे यांनी 1826 मध्ये रबराचे विश्लेषण केले, तेव्हा त्यात कार्बनच्या पाच अणूंमागे हायड्रोजनचे आठ अणू पडतात असे दिसून आले. पुढे 1860 मध्ये ग्रेव्हिल विल्यम्स यांनी रबर तापवून त्यातून एक पातळ, चटकन उडून जाणारा द्रव मिळविला आणि त्याला आयसोप्रीन असे नाव दिले. त्याच्या रेणूत कार्बनचे पाच आणि हायड्रोजनचे आठच अणू असतात व त्याचा रेणुभार केवळ 68 आहे. तेव्हा रबर हे या ना त्या रीतीने आयसोप्रीनचेच बनलेले असले पाहिजे, हे उघड झाले. वाद होता तो या रीतीविषयी.

तो वाद मुलांच्या दोन खेळांवरून सहज समजेल. फुगडी खेळताना दोन मुली एकमेकींचे दोन्ही हात धरतात. हात गुंतल्यामुळे त्या जोडीत तिसरीला शिरकाव नसतो. अंगणात पन्नास जोड्या दाटीने फुगडी घालू लागल्या तर दुरून मोठा घोळका दिसेल, पण जरा पांगापांग झाली की घोळका नाहीसा होऊन जोड्याच तेवढ्या उरतील. साखळीच्या शिवाशिवीत याउलट घडते. तेथे प्रत्येक मूल एका हाताने पुढच्याला आणि दुसऱ्या हाताने मागच्याला धरते. दोन मुलांची साखळी तीनांची होते, तीनांची दहांची होते, आणि मैदान पुरेल तोवर ती वाढत जाते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल हॅरीस आणि त्यांच्या मताचे बहुसंख्य विद्वान यांचा पक्ष फुगडीचा होता. आयसोप्रीनचे दोन रेणू मिळून एक लहानसे कडे बनते, अशी असंख्य कडी कसल्याशा दुर्बळ आकर्षणाने जवळ जवळ राहतात, आणि त्या घोळक्यालाच आपण रबर म्हणतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रचंड आकाराचा एकच रेणू असू शकेल ही कल्पना त्यांना बेशिस्त वाटे.

साखळीचा पक्ष घेतला तो हेर्मान श्टाउडिंगर यांनी. ते 1881 मध्ये जर्मनीतील व्होर्म्स या गावी जन्मले आणि 1912 पासून स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे प्राध्यापक होते. लहान रेणूंच्या रसायनात त्यांनी उत्तम कीर्ती मिळविली होती. त्याच वाटेने ते पुढे गेले असते तर कोणाशी वाद घालण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नसता. पण चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ती सुखाची वाट सोडली. 1920 मध्ये त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यात असे प्रतिपादन केले की, रबरासारख्या पदार्थांत शेकडो, किंबहुना हजारो लहान रेणू एकापुढे एक असे जोडले गेलेले असतात. आणि हे जोड दुर्बळ आकर्षणाचे नसून, पाण्यात अथवा साखरेत अणू ज्या बंधांनी जोडलेले असतात, त्याच नित्याच्या बंधांचे असतात. साखळीच्या एकेका कडीस आज आपण एकवारिक म्हणतो आणि सबंध साखळीस बहुवारिक.

आता हे हात येतात तरी कोठून? कार्बनच्या अणूला जणू चार हात असतात आणि ते चारही कोणाच्या ना कोणाच्या हातात असावे लागतात. काही रेणूंत कार्बनचे दोन शेजारी अणू परस्परांना एका हाताऐवजी दोन-दोन हातांनी धरून राहतात. या दुहेरी बंधापैकी एक बंध तुलनेने सहज सुटतो. तो सुटला की दोन्ही अणूंचा एकेक हात मोकळा होतो. मोकळा हात स्वस्थ बसत नाही. तो शेजारच्या रेणूच्या दुहेरी बंधातील हात ओढून धरतो, त्यामुळे त्या रेणूचा दुसरा हात मोकळा होतो, तो तिसऱ्या रेणूला धरतो, आणि साखळी भराभर वाढू लागते. पहिला हात सोडविण्यास मात्र कोणी तरी लागतो. ते काम उष्णता, प्रकाश अथवा थोडेसे आरंभक द्रव्य करते. श्टाउडिंगर यांनी तपासलेले स्टायरीन हे द्रव्य याच रीतीने घट्ट होते. ते बाटलीत नुसते ठेवून दिले तरी कालांतराने आळून काचेसारखे होते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. ते का होते, हे आता कळले.

आयसोप्रीनच्या रेणूत असे दुहेरी बंध दोन असतात. साखळी गुंफली गेल्यावर प्रत्येक कडीत एक दुहेरी बंध शिल्लक राहतो. विरोधकांचे म्हणणे असे की, या शिल्लक बंधांतच ते दुर्बळ आकर्षण दडलेले आहे. हा मुद्दा श्टाउडिंगर यांनी नेमका हेरला. दुहेरी बंधाला हायड्रोजन पुरविला तर तो बंध एकेरी होऊन तृप्त होतो. मग आकर्षण उरणार नाही, घोळका पांगेल आणि लहान रेणूंचे एखादे साधे तेल हाती येईल. विरोधकांच्या मतावरून असेच घडावयास हवे होते. श्टाउडिंगर यांनी आपल्या सहकाऱ्याच्या साहाय्याने रबराला हायड्रोजन पुरविला आणि 1922 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. तेल मिळाले नाही. जे मिळाले ते पूर्वीसारखेच चिवट होते आणि त्याची वाफही होत नव्हती. हात तृप्त झाले तरी साखळी तुटली नव्हती, कारण ती त्या हातांवर कधी अवलंबूनच नव्हती. याच लेखात त्यांनी अशा रेणूंसाठी ‘महारेणू’ या अर्थाचा नवा शब्द योजला.

एवढ्याने वाद मिटावयास हवा होता, पण मिटला नाही. हाइन्रिख व्हीलंड हे त्या काळचे मोठे रसायनशास्त्रज्ञ; त्यांना पुढे नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यांनी श्टाउडिंगर यांना स्नेहभावानेच सल्ला दिला की, या प्रचंड रेणूंच्या कल्पनेचा नाद सोडा. 5,000 पेक्षा अधिक रेणुभाराचे सेंद्रिय रेणू अस्तित्वातच नाहीत. आपले रबर नीट शुद्ध करा, म्हणजे ते स्फटिक होईल व लहान रेणूंचेच ठरेल. श्टाउडिंगर यांनी ही आठवण पुढे स्वतःच नमूद करून ठेवली आहे. शत्रूचा आघात परतविणे सोपे असते. हितचिंतकाच्या सल्ल्याला नकार देणे अधिक कठीण.

स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्यांचा आक्षेप अधिक सूक्ष्म होता. क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहता, कापसाच्या तंतूत एक लहानशी रचना पुनःपुन्हा येताना दिसे. रेणू त्या रचनेपेक्षा मोठा असणे शक्य नाही, असे ते म्हणत. हा तर्क वरवर बिनतोड वाटतो, तथापि त्यात एक खोट आहे. नऊवारी लुगड्याच्या काठावरील कोयरी बोटभर असते. तेवढ्यावरून लुगडे बोटभर ठरत नाही. क्ष-किरणांना दिसत होती ती कोयरी. सलग धागा तिच्यातून पुढच्या कोयरीत, आणि तेथून त्याहून पुढच्या कोयरीत जात होता.

1926 मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे जर्मन शास्त्रज्ञांचे संमेलन भरले. तेथेही बहुतेक वक्ते श्टाउडिंगर यांच्या विरुद्ध बोलले. त्याच वर्षी ते फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक झाले आणि जुने संशोधन बाजूस सारून याच एका प्रश्नामागे लागले. त्यांनी योजलेले एक साधन फारच साधे होते. शेवयांची खीर ढवळताना जो अडसर जाणवतो, तो तितक्याच वजनाच्या कण्यांच्या खिरीत जाणवत नाही. लांब शेवया एकमेकींत गुंततात. त्याचप्रमाणे विद्रावाचा दाटपणा मोजून त्यातील रेणू किती लांब आहेत याचा अंदाज करता येईल, असे त्यांनी दाखवून दिले. अरुंद काचनळीतून विद्राव खाली उतरण्यास किती सेकंद लागतात, एवढेच त्यासाठी पाहावे लागे.

इकडे इतरत्रही पुरावा साचत होता. स्वीडनमध्ये थिओडोर स्वेडबर्ग यांनी अतिशय वेगाने फिरणारे यंत्र बनवून रक्तातील हीमोग्लोबिनचा रेणुभार काढला. तो 5,000 च्या मर्यादेत तर नव्हताच. तो तिच्या दहापटींहूनही अधिक निघाला. निसर्गाला विद्वानांची मर्यादा ठाऊक नव्हती. आता संशयी मनुष्यासाठी एकच मार्ग उरला होता : साखळी स्वतः, एकेक कडी जोडून, सर्वांच्या देखत तयार करणे.

ते काम अमेरिकेत झाले. वॉलेस कॅरोदर्स यांचा जन्म 1896 मध्ये आयोवा राज्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन केल्यावर ते 1928 मध्ये विल्मिंग्टन येथील ड्यु पाँ या उद्योगसंस्थेच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यांनी श्टाउडिंगर यांचा पक्ष खरा मानला, पण त्यांची रीत निराळी होती. दुहेरी बंधातून साखळी झटपट बनते, तिच्या कड्या नेमक्या कशा जुळल्या याविषयी शंकेला जागा राहते. म्हणून कॅरोदर्स यांनी अशी क्रिया निवडली की, तिच्यातील प्रत्येक पायरी पाठ्यपुस्तकातील जुनी, निःशंक पायरी असावी.

आम्ल आणि अल्कोहोल एकत्र तापविले की त्यांचे रेणू जुळतात, त्यांपासून एस्टर बनते व पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. साध्या आम्लाला असा जुळणारा हात एकच, साध्या अल्कोहोलालाही एकच. त्यामुळे एक जोडी झाली की क्रिया संपते. पण दोन्ही टोकांना हात असलेले आम्ल आणि दोन्ही टोकांना हात असलेले अल्कोहोल घेतले तर? मग प्रत्येक जोडीची दोन टोके मोकळीच राहतात आणि ती पुढची कडी धरू शकतात. येथेही फुगडीचे भय असतेच. कडे पाचसहा अणूंचे होत असेल तर साखळीची दोन टोके चटकन एकमेकांना धरतात आणि वाढ खुंटते. कॅरोदर्स यांनी हे पारखून लांब अंगाचे रेणू निवडले, म्हणजे टोके एकमेकांपासून दूर राहतात.

साखळ्या बनू लागल्या, परंतु रेणुभार 5,000 ते 6,000 च्या आसपास आला की अडू लागल्या. व्हीलंड यांच्या मर्यादेपाशीच हे घडावे हा मोठा विलक्षण योगायोग होता, आणि एखाद्या उतावळ्या मनुष्याने तेथेच हार मानली असती. कॅरोदर्स यांनी कारण शोधले. ही क्रिया उलट दिशेनेही चालते. जोड होताना बाहेर पडणारे पाणी तेथेच रेंगाळले, तर ते तयार झालेल्या जोडात शिरून तो पुन्हा उकलते. एकीकडे कड्या जुळतात आणि दुसरीकडे तितक्याच तुटतात. तेव्हा साखळी वाढावयाची तर पाणी हुसकून लावले पाहिजे. त्यांनी निर्वात केलेले एक उपकरण योजले. त्यात तापत्या द्रव्याच्या अगदी निकट एक थंड पृष्ठभाग असे. पाण्याचा रेणू सुटला की तो त्या पृष्ठभागावर जाऊन गोठे आणि परत येत नसे. 1930 च्या एप्रिलमध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी या उपकरणातून काढलेल्या द्रव्याचा रेणुभार 12,000 हून अधिक भरला. वितळलेल्या गोळ्यात काचेची कांडी बुडवून ओढली तो तिच्याबरोबर लांबच लांब तंतू निघाला. थंड झाल्यावर तो ताणला असता कित्येक पट लांबला, आणि आश्चर्य असे की ताणल्याने तो अशक्त न होता अधिक चिवट व चकचकीत झाला. पेळूतून सूत ओढताना अस्ताव्यस्त तंतू जसे एका दिशेने लागतात, तशाच त्या साखळ्या ताणामुळे एकमेकींना समांतर झाल्या होत्या.

रबरातही साखळ्याच आहेत, मग रबर ताणून सोडल्यावर परत का येते? रबराच्या साखळ्या सैल आणि चंचल असतात. उष्णतेमुळे त्या सतत वळवळत राहतात व त्यांची वेटोळी होतात. ताणले की वेटोळी सरळ होतात, सोडले की ती वळवळ त्यांना पुन्हा गोळा करते. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये रबरात गंधक घालून ते तापविले व टिकाऊ केले, तेव्हा त्यांना या साखळ्यांची वार्ताही नव्हती. प्रत्यक्षात गंधकाचे अणू शिल्लक दुहेरी बंधांच्या जागी एका साखळीतून दुसरीत पूल बांधीत होते, आणि त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून निसटून जात नव्हत्या.

हिल यांचा तंतू मात्र व्यवहारात टिकेना. कढत पाण्यात तो मऊ पडून विरघळू लागे, आणि धुता न येणाऱ्या वस्त्राला कोण विचारणार? कॅरोदर्स यांनी अल्कोहोलाच्या जागी अमाइन घेतले, कारण आम्ल आणि अमाइन यांच्या जोडापाशी शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना अधिक घट्ट बिलगतात. 28 फेब्रुवारी 1935 रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत दोन द्रव्यांपासून एक बहुवारिक तयार झाले. ती द्रव्ये म्हणजे अॅडिपिक आम्ल, रेणुभार 146, आणि हेक्झामेथिलीन डायअमाइन, रेणुभार 116. दोहोंतही कार्बनचे सहा-सहा अणू असतात. हेच नायलॉन. 1938 मध्ये त्याचे केस प्रथम दात घासण्याच्या ब्रशांना लागले आणि 1940 च्या मे महिन्यात त्याचे पायमोजे अमेरिकेत सर्वत्र विक्रीस आले. पुढे महायुद्धात त्यापासून हवाई छत्र्या व दोरखंड बनले.

हे पाहण्यास कॅरोदर्स राहिले नव्हते. विषण्णतेच्या आजाराने त्यांना तरुणपणापासून घेरले होते. 1936 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व देऊन गौरविले, तरी आपल्या हातून काहीच झाले नाही ही टोचणी त्यांच्या मनातून गेली नाही. 29 एप्रिल 1937 रोजी, वयाची 41 वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असता, त्यांचा करुण अंत झाला. श्टाउडिंगर यांना दीर्घायुष्य लाभले. 1953 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांचे वय 72 वर्षांचे होते आणि त्या पहिल्या लेखास 33 वर्षे होऊन गेली होती.

कॅरोदर्स यांनी बाजूस ठेवलेल्या एस्टरांच्या वाटेने इंग्लंडमधील व्हिनफील्ड आणि डिक्सन 1941 मध्ये पुढे गेले. त्यांनी अधिक ताठ अंगाचे आम्ल निवडले आणि कढत पाण्यास दाद न देणारा तंतू मिळविला. आज कपड्यांत पॉलिएस्टर म्हणून आणि पाण्याच्या बाटल्यांत पेट म्हणून हेच बहुवारिक घरोघर आले आहे. ते इतके चिवट की फेकून दिल्यावरही नष्ट होत नाही, आणि आता साखळी जोडण्याइतकीच ती उकलण्याची चिंता रसायनशास्त्रज्ञांना लागली आहे. येथे कॅरोदर्स यांना नडलेली उलटी क्रियाच उपयोगी पडते. जे पाणी त्यांनी एवढ्या प्रयासाने हुसकून लावले, तेच उष्णता व दाब यांच्या साहाय्याने पुन्हा जोडांत शिरविले, तर पॉलिएस्टरची साखळी उकलून मूळची एकवारिके परत मिळतात. जपानमध्ये साकाई येथे बाटल्यांच्या कारखान्याजवळ सापडलेला एक जीवाणू तर हे काम भट्टीवाचूनच, आपल्या दोन विकरांच्या बळावर करतो, असे 2016 मध्ये जाहीर झाले. पिशव्यांच्या पॉलिथीनला मात्र हा उपाय चालत नाही. त्याच्या साखळीत कार्बनला कार्बनने धरलेले आहे. ती जुळताना पाणी बाहेर पडलेच नव्हते, म्हणून पाण्याला आत शिरण्यास दारही नाही. प्रखर उष्णता दिली की ती साखळी तुटते खरी, पण कडीशी कडी तुटत नाही. वाटेल तेथे तुटते, आणि हाती लागते ते नानाविध लांबीच्या तुकड्यांचे, म्हणजे तेले व मेणे यांचे मिश्रण.